एक गाय मुक्त केल्याच्या नोंदी

७ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळी सात.

लोहगडवाडीच्या वरच्या पठारावर आज सकाळी साडेनऊला आमच्या मंडळाने अकरा म्हशी उधळल्या. या वृत्ताला तिथे टपरी चालवणाऱ्या कस्तुराबाईंनी दुजोरा दिला. अकरा हा आकडाही त्यांचाच. मी नऊ मोजल्या होत्या, पण त्या वेळी मी कातळावर चढलेलो होतो आणि डोळे मिटलेले होते.

कारण सुहास. तळेगाव ज्येष्ठ भ्रमण मंडळाचा सचिव. सॅकला स्पीकर लटकवून आला होता. त्यावर ढोलताशा. गवत खाणाऱ्या शांत जनावरांसमोर ढोलताशा! एक म्हैस पळाली, मग सगळ्या. कार्याध्यक्ष या नात्याने मी सगळ्यांना शांत राहायला सांगितलं. कातळावरून सांगितलं, म्हणून कदाचित ऐकू गेलं नसावं.

खाली आल्यावर कस्तुराबाईंनी टपरीबाहेर येऊन विचारलं की तुमी जेवाया बसलाव आन आमी ढोल घिऊन तुमच्या सैपाकघरात शिरलो, तर चालंल का वो? दोन म्हशींचं आज दूध आटनार, त्ये कुनी द्यायाचं? सुहास हसला. मला त्याची शिसारी आली.

एकूणच वीट आला आहे. एकजण बकरीच्या पिल्लाला कडेवर घेऊन रील काढत होता, पिल्लू ओरडत होतं. एक बाई गाईला वेफर्स भरवत होती, पाकिटासकट. ही माणसं डोंगरात कशाला येतात?

संकल्प: (१) पाचला उठणे. (२) टपरीवर भजी न खाणे. (३) गुरं आणि गुराखी यांचा मान राखण्यासाठी गिर्यारोहकांची आचारसंहिता तयार करणे. छत्तीस वर्षं ऑफिसात परिपत्रकं काढली. हे काम दुसऱ्या कुणाला जमणार नाही.

आज भजी दोन प्लेट. संतापात खाल्ली, ती धरलेली नाहीत.

८ सप्टेंबर, सोमवार.

सात चाळीसला उठलो. कालचे श्रम.

आचारसंहिता तयार. अकरा नियम. गुरं वाटेवर आली तर आपण बाजूला व्हावं, तेही डोंगराच्या अंगाला. गाणी लावू नयेत. काट्यांचं कवाड उघडलं तर परत लावावं. राखलेल्या गवतात शिरू नये. मला स्वतःला सर्वात आवडला तो नियम चार: धन्याला विचारल्याशिवाय जनावराला, त्याच्या पिल्लाला, दाव्याला किंवा गळ्यातल्या कशालाही हात लावू नये. हा लिहिताना गहिवरून आलं.

शैलाला अकराही वाचून दाखवले. ती म्हणाली, छान आहेत, आता बारावा लिहा की हे कुणाला जेवताना वाचून दाखवू नयेत. बायकोला डोंगराची ओढ नसली की असं होतं.

१० सप्टेंबर, बुधवार.

एकट्याने स्थळपाहणी. मळवलीपर्यंत लोकल, पुढे पायी. झिमझिम होती म्हणून पिवळा रेनकोट. कस्तुराबाईंची टपरी बंद होती. भजी टळली. संकल्प क्रमांक दोन यशस्वी.

११.२० : पठार. डावा पाय शेणात. गरम. किळस.

११.२५ : उजवा पाय शेणात.

११.४० : आयुष्यात विसरणार नाही असं दृश्य. एक तांबडी गाय, कपाळावर पांढरी चांदणी, डावं शिंग खाली वळलेलं, पोट चांगलं सुटलेलं. तिच्या गळ्यात दोरखंड आणि दोरखंडाला हातभर लांब लाकडाचा ओंडका! पुढच्या दोन पायांच्या मध्ये लोंबतोय. पाऊल टाकलं की गुडघ्यावर आपटतोय. ठक. ठक. मला तो आवाज ऐकवेना. कुठल्या नराधमाने हे केलं असेल? मुक्या जनावराला बेडी? या काळात?

आमच्या मुलीने, कौमुदीने, बंगलोरहून आणलेला अकरा पात्यांचा चाकू सॅकमध्ये होता. आधी बाटली उघडायचं पातं निघालं, मग कात्री, मग दात कोरायचं. शेवटी करवत. दोर कापायला सात मिनिटं लागली. तेवढ्यात तिने माझ्या बाहीवर शिंकलं. मी सहन केलं.

ओंडका पडला. तिने माझ्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत जे होतं ते शब्दांत मांडता येणार नाही. मग शेपटी उभी केली आणि गायमुख खिंडीच्या दिशेने अशी काही पळाली की मी बघतच राहिलो. स्वातंत्र्याचा आनंद!

लांब धारेवर एक म्हातारा गुराखी काठी उंचावून काहीतरी ओरडत होता. वाऱ्यात कळलं नाही. मीही हात उंचावला. ही माणसं किती मोकळी असतात.

ओंडका पुरावा म्हणून घरी आणला. चांगलं जड लाकूड आहे. एका टोकाला खाच.

नियम चार मोडला का? विचार केला. नियम सभासदांसाठी आहे. मी गेलो होतो पाहणीला.

११ सप्टेंबर, गुरुवार.

भांडी घासायला लीलाबाई येतात, बेगडेवाडीहून. ओंडका दारामागे पाहून त्या दचकल्या. अगं बाई, कुनाच्या गाईचं लोढनं उचलून आनलं? मी विचारलं, लोढणं म्हणजे? त्या म्हणाल्या, जनावर वढाळ असलं, दावं तोडून लोकाच्या शेतात पळत असलं, की त्याच्या गळ्यात ह्ये बांधत्यात. चालता येतं, चरता येतं, पळता येत न्हाई. पाय मोडू नये म्हनून लांबी बेतून करत्यात, म्हणाल्या, येड्यागबाळ्याचं काम न्हाई त्ये.

लीलाबाईंचं प्राण्यांविषयीचं ज्ञान जुन्या वळणाचं आहे. वाद घातला नाही. शैला मात्र भांडी पुसता पुसता माझ्याकडे बराच वेळ पाहत होती.

१४ सप्टेंबर, रविवार. दुपारी चार.

वाईट बातमी. कस्तुराबाईंची गाय हरवली आहे. त्यांनी स्वतःच सांगितलं. नाव मैना. बुधवारपासून घरी आलेली नाही. गाभण आहे, आठ महिने उलटून गेले आहेत, दसऱ्याच्या आगंमागं व्याईल. पहिल्या वेळी वासरू पोटात आडवं होतं, अंबाजींनी हात घालून काढलं होतं. अंबाजी म्हणजे कस्तुराबाईंचे मालक, वाडीची गुरं तेच राखतात. या खेपेला रानात एकटीच व्यायली आणि आडलं तर दोघं गेली. आणि धड व्यायली तरी वासराला बिबट्या सोडणार नाही. खिंडीकडे आहेच एक.

हे सांगताना त्या कांदा चिरत होत्या. डोळ्यांतलं पाणी कांद्याचं होतं असं त्या म्हणाल्या.

मी वर्णन विचारलं. तांबडी. कपाळावर चांदणी. डावं शिंग खाली.

अशा गाई मावळात शेकड्याने असतील.

मग अंबाजी आले. सत्तरीचे असतील. बोलत नाहीत फारसे. म्हणाले, पिवळ्या रेनकोटवाला हुता. म्या धारंवरनं लय वरडलो. त्यानं हात क्येला मला. कस्तुराबाई म्हणाल्या, हात केला म्हंजी बघा, किती माजलेला आसंल!

लोकलमध्ये परत येताना शांतपणे विचार केला. मुद्दा एक: पिवळे रेनकोट बाजारात ढिगाने मिळतात. मुद्दा दोन: मी गाय सोडवली दुपारी पावणेबाराला. त्यांची हरवली ती संध्याकाळी, गुरं परत आली तेव्हा. वेळ वेगळी. मुद्दा तीन, आणि हा निर्णायक: कस्तुराबाई म्हणजे म्हशी घाबरल्या म्हणून आम्हाला फैलावर घेणारी बाई. ती गाईच्या गळ्यात ओंडका बांधेल? शक्यच नाही. म्हणजे माझी गाय कुणा दुसऱ्या क्रूर माणसाची.

मनावरचं ओझं उतरलं. त्यांना म्हटलं होतंच की मंडळ तुमच्या पाठीशी आहे.

भजी एक प्लेट. नाही म्हटलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं.

१७ सप्टेंबर, बुधवार.

मैनेने आदिनाथच्या भातात दोन रात्री काढल्या. आदिनाथ खालच्या अंगाचा शेतकरी, लोणावळ्याला हॉटेलातही काम करतो. भात पोटरीला आलेलं, कणसं बाहेर पडायच्या बेतात. एक वाफा साफ, दुसरा तुडवलेला. तो टपरीवर येऊन कस्तुराबाईंना बोलला की लोढणं घालता येत नसेल तर गाय पाळू नका. त्या म्हणाल्या, घातलंच हुतं रं बाबा, चोरानं कापून न्येलं. तो म्हणाला, लोढणं कोण चोरतं मावशी? लोक मोबाइल चोरतात.

लोढणं घातलं होतं, हे ऐकून मला धक्का बसला. कस्तुराबाईंकडून ही अपेक्षा नव्हती. माणूस ओळखणं किती अवघड आहे! अर्थात लोढणी वाडीत बऱ्याच गाईंना असतील.

मी मध्यस्थी केली. नियम सात वाचून दाखवला, राखलेल्या गवतात शिरू नये. आदिनाथने विचारलं, हा मैनेला वाचून दाखवलात का? हसू नये अशा प्रसंगी लोक हसले. ग्रामीण भागात गांभीर्य कमी होत चाललं आहे.

घरी आलो तर शैलाने पिवळा रेनकोट धुऊन गॅलरीत वाळत घातलेला. तातडीने आत घेतला. उन्हाने रंग उडतो.

२१ सप्टेंबर, रविवार.

शोधमोहीम. नेतृत्व माझं. चौदा सभासद, नऊ शिट्ट्या. मी निळ्या विंडचीटरमध्ये. निळा मला शोभतो.

योजना: पठारावर ओळीत उभं राहून शिट्ट्या मारत खिंडीकडे सरकायचं. अंबाजी म्हणाले, शिट्टी नगा मारू, जनावर बुजंल. मी त्यांना समजावलं की ही शास्त्रीय पद्धत आहे. पहिल्या शिट्टीला वाडीची सगळी गुरं चारी दिशांना गेली. ती गोळा करण्यात दुपारचे दोन वाजले. त्यात सतरा शेळ्याही होत्या. शेळ्यांबद्दल मला आधी आदर होता.

मग कारवीच्या झुडपांच्या कडेला ती दिसली. तांबडी, चांदणी. सगळ्यांना दिसली. ती सुहासकडे पाहत होती, शांत. मग तिने मला पाहिलं. शेपटी उभी केली आणि थेट कारवीत.

सुहास म्हणाला, सर, तुम्हाला ओळखते वाटतं.

काहीच्या काही.

तिच्या मागे जाताना मी घसरलो. चिखल असता तर चाललं असतं. चिखल नव्हता.

घरी आल्यावर कानामागे गोचीड. शैलाने चिमट्याने काढली आणि म्हणाली, तिला पण दुसरं कुणी मिळालं नाही. तिसऱ्यांदा आंघोळ केली तरी वास जात नाही. डोंगराची, गुरांची, सभासदांची, सगळ्यांचीच किळस आली आहे.

उद्यापासून पाचला.

२४ सप्टेंबर, बुधवार.

नऊला उठलो. गोचिडीमुळे अंगात कणकण.

मोठा निर्णय. रविवार ५ ऑक्टोबरला लोहगडवाडीत समारंभ. आचारसंहितेच्या फलकाचं अनावरण आणि गुराखी सन्मान. अंबाजींना शाल आणि श्रीफळ. अशा दुःखाच्या वेळी माणसाला आधार हवा असतो. शेवटी माझं भाषण, आणि भाषणात कळसाध्याय म्हणून तो ओंडका. मुक्या जनावरांवरील क्रौर्याचं प्रतीक. कुणाचं नाव घेणार नाही. ज्याचं त्याला कळेल.

शैला म्हणाली, ओंडका नेऊ नका. कारण विचारलं तर म्हणाली, तुम्हाला खरंच कळत नाही का, मला फक्त एवढंच सांगा. मी म्हटलं, काय? ती म्हणाली, काही नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार.

ओंडका दारामागे नाही. शैला म्हणते तिला माहीत नाही. लीलाबाई म्हणतात त्यांनाही माहीत नाही, पण हसतात.

वाडीवरून फोन होता. आदिनाथने खिंडीच्या ओढ्यात बिबट्याचे ठसे पाहिले. अंबाजी पहाटेच रानात जातात आणि दिवस मावळल्यावर येतात. गुडघा सुजलाय. कस्तुराबाई म्हणाल्या, आता तिचं दिस भरलं. त्यांचा आवाज बसला होता. मी समारंभाची वेळ कळवली. त्यांनी आधी कुणाला तरी सुट्टे पैसे दिले. मग म्हणाल्या, या.

३ ऑक्टोबर, शुक्रवार.

ओंडका सापडला. माळ्यावर, जुन्या गाद्यांच्या खाली. घरात शिस्त राहिलेली नाही.

५ ऑक्टोबर, रविवार.

लिहावंसं वाटत नाही. पण नोंद ठेवणं हे कर्तव्य आहे.

उपस्थिती बावीस. त्यातले अठरा पिठलं-भाकरीसाठी. फलक सुंदर दिसत होता. कौमुदी पुण्याहून आली होती, फोटो काढायला. शैला तिसऱ्या रांगेत. अंबाजी थेट रानातून आले, पिंढऱ्या काट्यांनी फाटलेल्या. खुर्चीवर बसवलं तर ते तिच्या काठावर टेकले, उठून जायला सोपं पडावं तसे.

भाषण चांगलं झालं. अकरा नियम, प्रत्येकावर थोडं विवेचन. नियम चारवर जास्त. मग टेबलावरचं कापड काढलं.

टाळ्या वाजल्या नाहीत. अंबाजी उठले. लंगडत टेबलापाशी आले. ओंडक्यावरून हात फिरवला, अंगठा त्या खाचेत घातला, बरोबर बसला. म्हणाले, ही खाच म्या पाडलीया. वखराच्या जुन्या दांड्याचं हाय. मैनीचं.

कुणीतरी खोकलं. सुहासने विचारलं, सर, हे कुठे मिळालं आपल्याला? मी म्हणणार होतो की संशोधनातून. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून शैलाचा आवाज आला: दहा तारखेला. बुधवारी. रेनकोट पिवळा.

तेहतीस वर्षांचा संसार!

कस्तुराबाई टपरीच्या दारात उभ्या होत्या. मला वाटलं आता ओरडतील. तयारीही ठेवली होती. त्या म्हणाल्या, म्हशी उधळल्या तवा म्या वरडले. आज वरडायला बी जीव न्हाई. मग जवळ येऊन म्हणाल्या, भाऊ, इचारायचं तरी हुतं. म्या हितंच व्हते ना? एवढी अकरा कलमं लिवलीत, त्यात एक इचारायचं न्हाई सुचलं?

सुचलं होतं. नियम चार. मी फलकाकडे पाहिलं, मग नाही पाहिलं.

मी अंबाजींना शाल द्यायला पुढे झालो. ते म्हणाले, शाल ऱ्हाऊ द्या. हितं बावीस मानसं हायती. मानसं द्या.

सभासदांनी घड्याळं पाहिली. परतीची लोकल होती. शेवटी पाच जण गेलो: अंबाजी, कस्तुराबाई, सुहास, शैला आणि मी. शैला कशाला, असं वाटलं होतं. ती सगळ्यांच्या पुढे होती. अंधार पडेपर्यंत फिरलो. सापडली नाही. वाडीतच मुक्काम. बसायला पोतं. पिठलं गरम होतं, पण मी ताटात तसंच ठेवलं. हे मी पहिल्यांदाच लिहितोय.

६ ऑक्टोबर, सोमवार.

साडेपाचला उठलो. संकल्प नसताना.

पाऊस होता. पिवळा रेनकोट शैलाने सॅकमध्ये ठेवलेला, दुसरा नव्हता. तोच घातला.

शिट्ट्या नाहीत. अंबाजी पुढे, कुणी बोलायचं नाही असं ठरलं. ते जमिनीकडे बघत चालतात. खिंडीच्या खाली थांबले. शेणाचा पो होता. मला जवळ बोलावलं, म्हणाले, हात घाला. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, घाला, मधी. वरनं पावसानं गार पडतंय, मधी बघा ऊन लागतंय का. सुहास मागे वळून आभाळ बघायला लागला.

घातला. मनगटापर्यंत.

गरम होतं.

अंबाजींनी तोंडाला हात लावून गप्प राहायची खूण केली. मी हात पुसायलाही विसरलो. कस्तुराबाईंनी पाटीतला कोंडा हलवला आणि हळू आवाजात हाक मारली, ये मैने, ये गं माजी बाय. कारवीतून हुंकार आला.

व्यायली होती. रात्री कधीतरी, एकटीच, आणि धड. कालवड आहे, तांबडी, कपाळ कोरं. ओढ्याच्या काठाला दोन कातळांच्या बेचक्यात वासरू आणि तोंडाशी ही उभी, शिंग पुढे करून. भोवतालचं गवत उकरलेलं, तुडवलेलं. ओल्या मातीत बिबट्याचे ठसे होते. अंबाजींनी मोजले, आलेले आणि परत गेलेले. रात्रभर उभी होती ही, म्हणाले. मग त्यांनी तिच्या अंगावर हात ठेवला आणि तिथेच खाली बसले. कस्तुराबाई रडल्या. कांदा नव्हता.

सुहासने फोटो काढला नाही. एवढं त्याच्या बाजूने लिहितो.

वासरू थंडीने थरथरत होतं. कस्तुराबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, काडा त्यो. मला कळेना. रेनकोट वो, म्हणाल्या. कालवड रेनकोटात गुंडाळली आणि माझ्या खांद्यावर दिली, कारण अंबाजींचा गुडघा, सुहासची पाठ. दीड तास चढ. वासरू चिकट असतं, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. ते मानेवर मुतलं. दोनदा. मैना माझ्या मागे चालत होती, अगदी लगटून, शिंग माझ्या पाठीला टेकवून. थांबलो की ढोसायची. कृतज्ञता असावी.

शैला म्हणाली की नसावी.

८ ऑक्टोबर, बुधवार.

वाडीचा निर्णय झाला, तो कस्तुराबाईंनी फोनवर कळवला. मैनेला एवढ्यात लोढणं घालता येणार नाही. कालवड सारखी पायांत घुटमळते, ओंडका तिच्या डोक्यात बसेल. महिनाभर तरी नाही. दरम्यान मैना रानात जाणारच, चरल्याशिवाय दूध कसं यावं? आणि आता तिला आदिनाथच्या भाताची चव आणि वाट दोन्ही ठाऊक झाल्या आहेत. भात कापणीला आलेलं. अंबाजींचा गुडघा बघता त्यांनी मैनेच्या मागे पळणं शक्य नाही, आणि बाकीची गुरं सोडून एकीच्या मागे जायचं कुणी?

मी म्हटलं, खरा प्रश्न आहे, मंडळाने एक उपसमिती नेमावी. त्या म्हणाल्या, समिती नगं. लोढनं तुमी काडलं. आता लोढनं न्हाई तवर तुमी या.

मी विचारलं, म्हणजे नेमकं काय करायचं? फोन अंबाजींनी घेतला. म्हणाले, मागं मागं ऱ्हायाचं. खाली वळाया लागली की आडवं व्हायाचं. वरडायचं न्हाई. शिट्टी न्हाई. हात लावायचा न्हाई.

म्हणजे नियम दोन आणि चार. माझी आचारसंहिता वाडीत रुजते आहे, हे समाधान.

११ ऑक्टोबर, शनिवार.

मैनेच्या चिकाचा खरवस वाडीवरून आला. सुहासकडे पोचला. माझ्याकडे नाही. वाटपात गडबड झाली असावी. शैलाने सुहासच्या घरी जाऊन खाल्ला. छान झाला होता म्हणाली, वेलदोडा थोडा जास्त.

कालवडीला माझं नाव द्यावं असं मी सुचवून ठेवलं होतं. कालवड असल्यामुळे राहिलं, असं समजतो.

मंडळाची बैठक झाली. आचारसंहितेत एकच दुरुस्ती: नियम चार ठळक अक्षरांत. सुहासने मांडली, सर्वानुमते मंजूर. मीही हात वर केला. केला नसता तर फरक पडला नसता.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. संध्याकाळी साडेसहा.

मैना उद्यापासून चरायला सुटते आहे. दुपारी कस्तुराबाईंनी फोनवर पक्कं केलं. कालवड बरी आहे, उड्या मारते. आदिनाथने तारेचं कुंपण टाकलंय, पण मैनेपुढे ते काही खरं नाही असं त्याचं स्वतःचंच मत आहे. पुढच्या आठवड्यात कापणीला यायचं कबूल करून घेतलंय त्याने माझ्याकडून, तुडवलेल्या वाफ्यापासून सुरुवात.

अंबाजींनी माझ्यासाठी काठी काढून ठेवली आहे. रेनकोट परत मिळणार नाही. कालवड त्यावर निजते.

विचारलं, मैना साधारण कुठल्या दिशेला जाते? अंबाजी म्हणाले, तिचं तिला ठावं.

शैलाने डबा दोन वेळचा भरला आहे. घड्याळात पाचचा गजर लावला आहे, तिनेच, माझ्या उशाशी, माझा हात पोचणार नाही एवढ्या अंतरावर.

उद्या सकाळी सातला मैना गोठ्यातून बाहेर पडेल. मी तिच्या मागे असेन.